थोरली, धाकटी आणि बाई

बाहुली मी जागेवर नेऊन ठेवली आणि बिल्डर मात्र बदलायला विसरलो. चूक एवढीच. सांगायला एक वाक्य पुरतं. निस्तरायला एन्नोर बंदराबाहेर ट्रेलरची रांग, बेंगळुरूहून आलेले मोठे साहेब, पंख्याचा एक सैल प्लग आणि बाई लागल्या.

त्यातल्या बाई महत्त्वाच्या. बाकीचं माझ्यासारख्याच्या वाट्याला अधूनमधून येतंच.

बाई आमच्या अण्णा नगरच्या ऑफिसात बिल्डचं काम बघायच्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत, मी एकटा बाई म्हणायचो. त्याला कारण पहिला दिवस. मी मूळचा बार्शीचा, पुण्याला नोकरी करून नुकताच चेन्नईत उतरलेलो. गळ्यातलं ओळखपत्र सारखं करत उभा होतो, तर समोरून आवाज आला, "आपण कोठोन आलांत?"

माझ्या मागे कुणी सरदार वगैरे उभा आहे की काय म्हणून मी वळून पाहिलं. कुणी नव्हतं. समोर पन्नाशीच्या पुढच्या एक बाई, कांजीवरम नव्हे, साधी सुती साडी, पायात धावायचे बूट, केसांत अबोलीचा गजरा. मी गडबडून म्हणालो, "मॅम, ॲक्च्युअली मी बार्शीचा, पण लास्ट फ्यू इयर्स पुण्यात बेस्ड होतो."

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "सरि," म्हणजे बरं, असं म्हणाल्या आणि मग विचारलं, "ह्यांतलें मराठी कोणतें?"

बाईंचं घराणं तंजावरचं. त्यांचं मराठी कैक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलं, ते पुन्हा गावाकडे चक्कर मारायला गेलंच नाही. त्यात तमिळ शब्द, तमिळ हेल, आणि 'झालं'चं 'हालं'. "जेवण हालं का, तंबी?" असं त्या दुपारी विचारायच्या. तंबी म्हणजे धाकटा भाऊ. त्यांचं बोलणं मला हुबेहूब उतरवता येत नाही, जमेल तसं लिहितो. एखाद्या तंजावरकरानं वाचलं तर त्यानं मला माफ करावं, आणि बाईंनी वाचलं तर त्या करणार नाहीत हे मला माहीत आहे.

बाईंची एक खोड अशी की त्यांनी आयुष्यात कधी 'नेहमीचं' हा शब्द वापरला नाही. ऑफिसच्या खाली कॉफीचं दुकान आहे. दुकानदार बाईंना वर्षानुवर्षं ओळखतो. त्या पायरीवर दिसल्या की तो दुधाखालची ज्योत मोठी करतो. तरी बाई रोज पूर्ण सांगणार: डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा काढा, जास्त, साखर अर्धी, फेस नको, पितळेच्या पेल्यात. तो बिचारा रोज म्हणायचा, "तेरियुम, मॅडम." म्हणजे ठाऊक आहे. आणि बाई रोज म्हणायच्या, "तुला तेरियुम. उद्यां तुझा मेव्हणा बसला तर त्याला तेरियुम का?"

वेस्ट मांबलमच्या त्यांच्या घराजवळच्या देवळातही तेच. एकदा मी सोबत होतो. अर्चनेला गुरुजी पुढे आले, बाईंकडे बघून ओळखीचं हसले आणि थेट मंत्र सुरू करणार तोच बाईंनी त्यांना थांबवलं. आधी गोत्र, मग नक्षत्र, मग नाव, सगळं खणखणीत. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "बाई, त्यांना पाठ असणार की तुमचं."

"पाठ असणार. परंतु त्यांच्या पाठीं कोणाचें नांव शेवटलें राहिलें असेल तें मला काय ठाऊक? माझें पुण्य रांगेंतल्या पुढल्या मामीकडे गेलें तर परत आणायला तूं जाशील का?"

मी हसलो होतो. तो विनोद नव्हता, ते त्यांच्या कामाचं तत्त्वज्ञान होतं. पण ते कळायला मला एन्नोरला जावं लागलं.

आता आमचं काम सांगतो, म्हणजे माझा मूर्खपणा नीट समजेल. बंदराजवळच्या गोदामांच्या फाटकांवर आमचे कॅमेरे असतात. ट्रेलर आला की कॅमेरा त्याच्यावरच्या कंटेनरचा नंबर वाचतो, आणि सगळं जुळलं की दांडा वर जातो. हे वाचणारं, जुळवणारं सॉफ्टवेअर फाटकावरच्या छोट्या पेटीत चालतं. तिथे ते सुटं पाठवत नाहीत. त्याला लागणारं मीठमसाल्यापासून सगळं एका डब्यात भरून, झाकण लावून पाठवतात. त्या भरलेल्या डब्याला इमेज म्हणतात, आणि डबा भरून देणारा तो बिल्डर. बिल्डर म्हणजे माणूस नव्हे. कुठल्यातरी मशीनवर चालणारी एक यंत्रणाच ती, पण आमच्याकडे तिला माणसात घेतलेलं होतं.

आमच्याकडे दोन बिल्डर होते आणि बाईंनी त्यांना नावं दिली होती, थोरली आणि धाकटी. थोरली भाड्याची, कुठल्यातरी परक्या शहरात बसणारी, दांडगी. हां हां म्हणता डबा भरून देणार. धाकटी पुस्तकाएवढी. ती आमच्याच ऑफिसात एका लोखंडी कपाटात बसायची, कारण सफाईवाले तिचा प्लग काढून व्हॅक्यूम लावतात असा बाईंचा अनुभव होता. धाकटी अतिशय संथ. पण फाटकावरच्या पेट्यांमधली चिप धाकटीच्या वाणाची. त्यांना धाकटीनंच भरलेला डबा लागायचा. थोरलीनं भरलेला त्यांच्याकडून उघडतच नसे. आणि ऑफिसातल्या मोठ्या सर्व्हरांसाठी नेमकी थोरली लागायची.

सगळं ऑफिस तमिळ, पण त्यांच्या तोंडी ही दोन मराठी नावं इतकी बसली होती की शेजारच्या टेबलावरचा सेल्वम फोनवर बायकोला सांगायचा, "आज उशीर होईल, दाकडीकडे काम आहे." घरी त्यावरून काय झालं ते त्यानं कधी सांगितलं नाही.

आता गोम अशी. डबा भरायचा हुकूम देताना बिल्डरचं नाव सांगता येतं, पण सांगितलंच पाहिजे असं नाही. नाही सांगितलं तर काम जातं 'चालू' बिल्डरकडे. यादी मागवली की दोन्ही नावं दिसतात आणि जी चालू असेल तिच्या नावापाशी एक चांदणी. चालू बिल्डर बदलायचा हुकूमही एका ओळीचाच. चांदणी इकडची तिकडे. आणि आम्ही सगळे बिल्डच्या मशीनवर एकाच खात्यानं शिरायचो, पूर्वीपासूनची पद्धत. त्यामुळे एकानं चांदणी हलवली की ती सगळ्यांची हलायची. घरात एकानं गुपचूप पाण्याचा नळ फिरवावा आणि अंघोळीला बसलेल्यानं बोंबलावं, तसं.

म्हणून बाहुली.

तंजावरची मान डोलावणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. नाचाच्या ठेक्यात उभी, नुसता वारा लागला तरी मान हलणारी. बाईंकडे नवरात्रात कोलू मांडतात, पायऱ्यांवर बाहुल्या बसवतात. त्यातली एक हात मोडल्यामुळे निवृत्त झाली होती. ती त्यांनी ऑफिसात आणली. कपाटाच्या डोक्यावर दोन कागद चिकटवले, डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. नियम असा की ज्यानं चांदणी हलवली त्यानंच उठून बाहुली हलवायची. बाकीच्यांनी बसल्या जागेवरून मान वर केली की कळतं, आज कुणाचं राज्य. तरीही बाई दिवसातून दोनचारदा कुणाच्यातरी खुर्चीमागे येऊन विचारायच्या, "इप्पो यारु?" म्हणजे आत्ता कोण? आपण यादी मागवायची, चांदणी बघायची आणि सांगायचं. नुसतं बाहुलीकडे बघून उत्तर दिलं की बाई टेबलावर बोटानं टकटक करायच्या. "तिला नाहीं विचारलें. मशीनला विचार."

स्वतः बाई ना बाहुलीकडे बघायच्या, ना चांदणीकडे. त्या प्रत्येक हुकुमात बिल्डरचं नाव पूर्ण लिहायच्या. चांदणी धाकटीवर असली, सकाळपासून हललेली नसली, तरीही. मी एकदा म्हटलं, "बाई, ती चालूच आहे. नाव कशाला लिहिता?"

"ही कॉफी आहे," त्या म्हणाल्या आणि पुढे टाईप करत राहिल्या.

आणखी एकदा मी एका लहानशा कामासाठी चांदणी थोरलीवर नेली, तेव्हा त्यांनी खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसकण मारली. "एक दिवस शेजारणीच्या हातची आमटी हवी तर तिला एक वाटी माग की. चूल उचलोन तिच्या घरीं कां नेतोस? घरचे लोक दुपारीं जेवायला येतील, त्यांनी कोठें जावें?" एकदापुरतं नाव सांगायचं, सगळ्यांची चांदणी हलवायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. मी जोरात मान डोलावली. मला मान फार छान डोलावता येते. मुलाखतीतही मी तेवढ्यावरच पास झालो असेन.

आता बेंगळुरू. कंपनीचं मुख्य ऑफिस तिथे, आणि तिथल्या मोठ्या साहेबांच्या मनात होतं की बिल्डचं सगळं काम तिकडेच न्यावं. एका व्हिडिओ बैठकीत त्यांना आमच्या कपाटावर बाहुली दिसली. हे काय, म्हणून त्यांनी विचारलं. बाईंनी सगळं सविस्तर सांगितलं, मान कशी हलते तेही दाखवलं. साहेब कसनुसे हसले. "म्हणजे आपली फाटकं बाहुलीवर चालतात?" मग त्यांनी ठरवून टाकलं. एन्नोरच्या नव्या ग्राहकाकडे चाचणी आहे, मी स्वतः येतो. नीट झाली तर काम चेन्नईत राहील, नाही तर बेंगळुरूला.

बाई बेंगळुरूला जाणाऱ्यातल्या नव्हत्या. घरी सासूबाई, त्यांना मांबलमच्या देवळाची घंटा ऐकू आली नाही तर जेवण जात नाही, आणि बाईंना सासूबाईंशिवाय. काम गेलं तर बाई नोकरी सोडणार हे उघड होतं. त्यावर त्या एकदाच बोलल्या. कपाटाचं दार उघडून धाकटीवरची धूळ पुसता पुसता म्हणाल्या, "हिला मीं हातानें उभी केलीये. हिला टाकोन घरीं पापड लाटत बसणें मला जमायचें नाहीं." बस. आम्ही सगळे आपापल्या पडद्यात डोकं घालून बसलो.

चाचणीच्या आदल्या दुपारी चांदणी धाकटीवर, बाहुलीही धाकटीवर. मला माझ्या एका कामासाठी पाच मिनिटं थोरली हवी होती. बाईंची आमटीची गोष्ट आठवली, पण नाव लिहायचा कंटाळा आला. चांदणी थोरलीवर नेली, आणि नियमाचा पक्का म्हणून उठून बाहुलीही नेली. काम झालं. मग कॉफी. परत आलो आणि माझ्याच शिस्तीचं कौतुक वाटून मी बाहुली उचलून धाकटीच्या कागदावर ठेवली, तिचा घागराही सरळ केला. चांदणी थोरलीवरच राहिली.

कानात गाणी घालून बसलो होतो तेव्हा बाई निघता निघता माझ्यापाशी थांबल्या आणि काहीतरी म्हणाल्या. हातात पिवळी कापडी पिशवी होती, लग्नात पानसुपारीबरोबर देतात तसली. मी गाणी न थांबवता मान डोलावली. त्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी बाई आणि साहेब थेट एन्नोरला, आम्ही ऑफिसात. सकाळी गटावर निरोप आला: लांब ट्रेलरचा मागचा भाग फाटकातून जाईपर्यंत दांडा थांबत नाही, एकाच्या कंटेनरवर पडला. फटका किरकोळ, पण दांडा जास्त वेळ वर राहील असा बदल आत्ताच्या आत्ता हवा.

बदल सोपा होता. तो मलाच करता येण्याजोगा होता हे माझं दुर्दैव. मी केला. वर बघितलं, बाहुली धाकटीवर. सेल्वम म्हणाला, "मॅडमना विचार आधी." मी म्हटलं, "त्या तिकडे साहेबांच्या कचाट्यात असतील. झाल्यावर सांगू, खूश होतील." हुकूम दिला. डबा चुटकीसरशी भरून झाला. धाकटीला एरवी यासाठी दोन कॉफ्या लागायच्या. मला वाटलं, आज तिचा मूड बरा आहे. पाठवून दिला. फाटकावरच्या पेट्या नवा डबा आला की आपसूक उचलून घेतात, अशीच त्यांची रचना.

मग मी बाईंना फोन लावला. "बाई, केलंसुद्धा! पोचेलच."

मागे ट्रेलरचे भोंगे ऐकू येत होते. "काय केलें?"

"तो दांड्याचा बदल. डबा भरून पाठवला."

"कोणाकडोन?"

"धाकटीकडून. अर्थात!"

"यादी बघितली?"

"बाई, बाहुली समोर आहे माझ्या. धाकटीवरच आहे."

बाई अगदी सावकाश म्हणाल्या, "तंबी, धाकटी माझ्या मांडीवर आहे."

मी उठलो, कपाट उघडलं. आत एक सुटी वायर लोंबत होती आणि धाकटी बसायची तेवढा चौकोन स्वच्छ होता, बाकी सगळीकडे धूळ. वर बाहुली मान डोलावत होती. दार उघडल्याचा धक्का तिला लागला होता.

काल पिवळ्या पिशवीत काय होतं आणि बाई काय सांगत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. बंदरावर ऐनवेळी काही बदलावं लागलं तर तिथेच करता यावं म्हणून त्या धाकटीला टॉवेलात गुंडाळून घरी घेऊन गेल्या होत्या. गंमत म्हणजे मी चांदणी नीट धाकटीवर परत ठेवली असती, तर आज धाकटी सापडली नसती, हुकूम अडकला असता आणि काहीच बिघडलं नसतं. निष्काळजीपणा मी फार काळजीपूर्वक केला होता.

फोनवर बाई कुणाला तरी तमिळमध्ये ओरडून सांगत होत्या, दांडे हातानं उचला. पेट्या एकामागून एक बंद पडत होत्या.

"मी येतो," मी म्हटलं.

"येवोन काय करशील?"

मी निघालोच. सेल्वमच्या मोटारसायकलवर मागे. वाटेत एका सिग्नलला तो मागे वळून म्हणाला, "मॅडमची नोकरी गेली तर मी तुला इथेच सोडून जाईन." वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या, मग राखेचा तो ओळखीचा वास, आणि मग ट्रेलर. आमच्या फाटकापासून निघालेली रांग मुख्य रस्त्याला लागली होती. ड्रायव्हर सावलीत लुंग्या आवळून बसले होते आणि आमच्या कंपनीबद्दल त्यांचं मत मोकळेपणानं सांगत होते. तेव्हापासून माझं तमिळ सुधारलं.

पहारेकऱ्याची पत्र्याची खोली. आत प्लास्टिकच्या स्टुलावर बाई, मांडीवर धाकटी. टॉवेल खाली तसाच, तापलेल्या धाकटीचा चटका बसू नये म्हणून. शेजारी लॅपटॉप. आणि भिंतीपाशी, पांढऱ्याशुभ्र शर्टातले बेंगळुरूचे मोठे साहेब एका हातानं प्लग भिंतीत दाबून धरून उभे. खोलीत सॉकेट एकच होतं, पंख्याचं. ते सैल. हात सुटला की धाकटीचा दिवा जायचा. पंखा काढल्यामुळे साहेबांच्या शर्टाचा नकाशा झाला होता.

"हात बदलूं नका," बाई त्यांना इंग्रजीत सांगत होत्या. "एकदां गेली की पहिल्यापासोन."

धाकटी इतकी संथ की मी एवढा रस्ता कापून पोचलो तरी तिचं भरणं चालूच होतं. साहेब अखेर म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडे तो मोठा, वेगवान बिल्डर आहे ना? त्याच्याकडून का नाही करून घेत?"

"त्याच्याकडोनच केलेलें आहे, सर," बाई म्हणाल्या. "म्हणोन तर आपण येथें उभे आहों."

साहेबांनी जुनाच डबा परत पाठवा असंही सुचवलं. बाई म्हणाल्या, जुन्यात दांडा ट्रेलरवर पडतो, आणि चाचणी त्याचीच आहे. साहेबांनी मग मन लावून प्लग धरला. मधेच त्यांचा फोन वाजला. बाईंनी नुसतं बघितलं. साहेबांनी तो वाजू दिला.

मी दारात उभा. बाईंनी मला पाहिलं. त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे किंचित वळवला, एवढंच. वरच्या ओळीत त्यांचा हुकूम दिसत होता, आणि त्यात धाकटीचं पूर्ण नाव. तिथे दुसरी कुणी नव्हतीच. मांडीवर एकुलती एक धाकटी. तरीही नाव लिहिलं होतं. त्या क्षणी मला कॉफीवाला आठवला, देवळातले गुरुजी आठवले. बाईंचं कौतुक वाटलं, थोडी भीतीही.

डबा भरला. पोचला. पहिली पेटी जागी झाली, मग पुढची. दांडा वर गेला आणि सगळ्यात लांब ट्रेलर शेपटासकट आत जाईपर्यंत वरच राहिला. ड्रायव्हर लोकांनी शिट्ट्या मारल्या. साहेबांनी प्लग सोडला आणि बोटं उघडत मिटत राहिले.

मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच. "चूक कुणाची?"

मी पुढे झालो. खरंच झालो. तोंडही उघडलं होतं. पण बाई आधी बोलल्या. "माझी. एका खात्यानें सगळे शिरतात तें मीं कधींच तोडायला हवें होतें. एकानें हलवलें की सगळ्यांचें हालतें. तें न तोडतां मीं बाहुली आणोन ठेवली. मुलें मशीनकडे बघायचीं तीं बाहुलीकडे बघूं लागलीं. मजा वाटली मला. ती माझी चूक." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "हा तर निमित्त आहे. हा नसता तर दुसरा कोणी आला असता. परंतु इतक्या लवकर नसता आला."

साहेबांनी धाकटीकडे बघितलं. ज्या यंत्राचा जीव माणसानं इतका वेळ हातानं धरून ठेवला, त्याच्याबद्दल त्याचं मत बदलतं असा माझा अंदाज आहे. ते म्हणाले, "काम इथेच राहू दे. खाती उद्याच्या उद्या वेगळी करा. आणि ती बाहुली मला तिथे पुन्हा दिसता कामा नये."

"सरि," बाई म्हणाल्या. धाकटीला टॉवेलात गुंडाळलं, पिवळ्या पिशवीत ठेवलं, आणि वाटेत कोपऱ्यावरच्या टपरीवर थांबून साहेबांना कॉफी पाजली. टपरीवाल्याला त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला पूर्ण वर्णन ऐकावं लागलं. साहेब पैसे काढता काढता म्हणाले, "मलाही तीच." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की साहेबांनी निमूटपणे पहिल्यापासून सांगितलं. डिकॉक्शन, साखर, फेस.

खाती वेगळी झाली. आता प्रत्येकाची चांदणी ज्याची त्याच्याकडे. मी माझी कितीही फिरवली तरी सेल्वमला खबर नसते. फाटकाच्या कामात बिल्डरचं नाव लिहिल्याशिवाय हुकूमच पुढे जात नाही, अशी सोय बाईंनी करून ठेवली. धाकटी कपाटात परतली. बाई रोज मांबलमहून येतात, सासूबाईंना संध्याकाळी घंटा ऐकू येते. मी चेन्नईतच दुसऱ्या कंपनीत गेलो, पण कॉफीसाठी अजून तिकडे वळतो. परवा दुकानदाराला नुसतं 'नेहमीचं' म्हणालो आणि आधी वर बघितलं, खिडकीत बाई नाहीत ना.

बाहुलीचं सांगायचं राहिलं. एन्नोरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात आलो, तर कपाटावरचे दोन्ही कागद निघालेले. बाईंनी बाहुली दोन्ही हातांनी उचलली, सगळ्या ऑफिसातून चालत आल्या आणि माझ्या टेबलावर, पडद्याच्या शेजारी, माझ्याकडे तोंड करून ठेवली. मान डोलत होती. सगळे बघत होते. एवढं होऊनही बाईंनी आपल्या घरची वस्तू मला द्यावी, म्हणून मला अगदी भरून आलं.

"बाई," मी म्हटलं, "मला कशी काय? माझी लायकी तरी आहे का?"

"ठेव," बाई म्हणाल्या. "डोकें दोघांचेंहि पोकळ, मान दोघांचीहि सारखी डोलते. परंतु ही विचारल्यावांचोन कशाला हात लावत नाहीं. बघोन शीक."

सेल्वमला मराठी कळत नाही. तरी सगळ्यात मोठ्यानं तोच हसला.